रस्त्यापासून जिन्यापर्यंत

काकांनी मला शंभरपैकी बावन्न मार्क दिले होते. टेक्ससमधल्या प्लेनो शहरातल्या त्यांच्या घराची वरची खोली भाड्यानं मिळेल का, हे विचारायला मी गेलो तेव्हा त्यांनी चहा दिला, पाऊण तास इकडच्या तिकडच्या गप्पा मारल्या आणि मग एका रेघी वहीत काहीतरी लिहून वही माझ्यापुढे सरकवली. स्वच्छता, आवाज, स्वयंपाकघर, लक्ष असे रकाने होते. लक्ष या रकान्यात मला वीसपैकी सात मिळाले होते. एवढे कमी का, असं विचारल्यावर म्हणाले की बोलताना मी दोनदा जांभई दिली. खोली मात्र मिळाली, कारण पास व्हायला पस्तीसच लागत.

काका माझे नात्यातले कोणी नव्हेत. तिथले सगळेच मराठी लोक त्यांना काका म्हणत. मूळचे साताऱ्याकडचे. प्लेनोजवळच्या एका टेलिफोन उपकरणांच्या कंपनीत पंधरा वर्षं टेस्टर होते, म्हणजे दुसऱ्यांनी बनवलेलं यंत्र मोडेपर्यंत तपासायचं आणि कुठे मोडलं ते लिहून द्यायचं. टेलिकॉमचा फुगा फुटला, त्यांची अख्खी इमारत रिकामी झाली, नोकरी गेली, पण तपासायची सवय त्यांच्याबरोबर घरी आली. नवा मिक्सर आला की पहिले चार दिवस तो काकूंच्या हाती लागत नसे. डिशवॉशरला त्यांनी एकोणचाळीस देऊन काठावर पास केलं होतं. त्यांच्या मुलीनं, सईनं, एकदा वैतागून ती वही लपवली, तर सापडल्यावर काकांनी 'कल्पकता' असा नवा रकाना आखून तिला दहापैकी नऊ दिले.

मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होतो, नागपूरहून आलेला आणि कायम दमलेला. माझ्या कंपनीचं सॉफ्टवेअर कधीही बंद पडायचं आणि कमरेचा पेजर कधीही वाजायचा. शनिवारी सकाळी झोपायला मिळावं, एवढंच माझं मागणं होतं. आणि शनिवारी सकाळीच काका दार वाजवून म्हणायचे, "ऊठ, वारा पडलाय."

उत्तर टेक्ससमध्ये वारा पडणं ही रोजची गोष्ट नाही. तो पडला की उडवायचं, असा काकांचा नेम होता. उडवायचं म्हणजे रिमोटवर चालणारं हेलिकॉप्टर, ज्याच्या पोटाखाली कॅमेरा बांधलेला असे. आता कुठल्याही लग्नात डोक्यावरून ड्रोन भणभणत जातो आणि कोणी वर बघतही नाही. तेव्हा, दोन हजार पाच-सहाच्या सुमाराला, हा शब्द आम्ही फक्त लढाईच्या बातम्यांत ऐकला होता. असं यंत्र कुठल्या दुकानात तयार मिळत नव्हतं. हेलिकॉप्टर एकीकडून आणायचं, कॅमेरा दुसरीकडून, आणि दोघांचं लग्न आपल्या गराजमध्ये लावायचं.

नोकरी गेल्यावर काकांनी विकाऊ घरांचे फोटो काढायचं काम धरलं होतं. ते ठीक चाललं होतं. पण त्यांच्या डोक्यात एकच शॉट बसला होता. रस्त्यावरून सुरू करायचं, हिरवळीवरून घराकडे जायचं, उघड्या दारातून आत शिरायचं आणि दिवाणखान्यातून जिन्याच्या टोकापर्यंत चढायचं, मध्ये कुठेही न थांबता, न कापता. यामागे त्यांचं स्वतःचं दुखणं होतं. त्यांनी आपलं घर ब्रोशर बघून घेतलं होतं. त्या ब्रोशरमध्ये बाहेरचा फोटो एका घराचा होता आणि आतले फोटो दुसऱ्याच घराचे. उंच छताच्या दिवाणखान्याच्या आशेनं गेलेल्या काकांना हात वर केला की पंख्याला लागेल असं छत मिळालं. दहा वर्षं झाली तरी ते छताकडे बघून ब्रोशरवाल्याचा उद्धार करत. घर घेणाऱ्याला रस्त्यापासून जिन्यापर्यंत एकाच दमात नेलं तर कोणी त्याला फसवू शकणार नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

आता घोडं अडलं ते यंत्राच्या निवडीवर. घरात उडवायचं तर यंत्र लहान, हलकं, विजेवर चालणारं हवं. बाहेर, टेक्ससच्या वाऱ्यात उडवायचं तर मोठं, वजनदार, इंजिनवालं. हा छंद असलेले चार अमेरिकन म्हातारे पार्कात भेटायचे. त्यांनी सांगितलं, काकूंनी सांगितलं, मीही सांगितलं की दोन यंत्रं घ्या. काका ऐकेनात. दोन यंत्रं म्हणजे दारात शॉट कापावा लागणार. "घरात एक आणि बाहेर एक, असलं मला माणसातही चालत नाही," ते म्हणायचे.

पहिलं आणलं ते अगदी लहान. घरात ते शहाण्या मुलासारखं वागलं, पण कॅमेरा लावला की जमिनीवरून उठेना. कॅमेरा काढून बाहेर नेलं तर वाऱ्यानं ते उचललं आणि शेजारच्या स्विमिंग पूलमध्ये नेऊन टाकलं. शेजारीणबाई ते टॉवेलमध्ये गुंडाळून परत द्यायला आल्या. वहीत त्याला घरात चौसष्ट आणि बाहेर चार मार्क पडले.

दुसरं इंजिनवालं होतं. त्याचा आवाज गवत कापायच्या यंत्रासारखा, आणि मागून तेलकट धूर. बाहेर ते सुरेख उडालं. इतकं सुरेख की काका खुशीत ते मागच्या अंगणात घेऊन आले. तिथे काकूंनी चादरीवर साबुदाण्याच्या पापड्या वाळत घातल्या होत्या. टेक्ससचं ऊन त्या एकाच कामाचं आहे, असं काकू म्हणायच्या. पंख्याच्या वाऱ्यानं पापड्या कुंपणापलीकडे गेल्या आणि उरल्या त्यांना तेलाचा वास लागला. काकूंनी चादर झटकली, घडी घातली आणि आत गेल्या. काकांनी आपणहून यंत्राला घरात शून्य दिलं. पुढे आठवडाभर आम्ही सगळे तळलेल्या पापड्या खात होतो आणि वासाबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही.

तिसरं विजेवरचंच, पण मध्यम आकाराचं. त्याच्या बॅटऱ्या नव्या तऱ्हेच्या होत्या. त्या भडकतात असं वाचल्यामुळे काका त्या तुळशीच्या रिकाम्या कुंडीत ठेवून चार्ज करायचे. उडायचं जेमतेम सात मिनिटं. चित्र थरथरायचं, तेव्हा काकांनी कुकरची रबरी रिंग कापून तिचे तुकडे कॅमेऱ्याखाली बसवले आणि थरथर थांबली. जुनी रिंग मागितली असती तर काकूंनी दिली असती, पण त्यांनी कुकरमधली चालू रिंग कापली. त्या रात्री भात कच्चा राहिला. तरीही मला आठवतं, पहिल्यांदा स्थिर चित्र दिसलं तेव्हा काकूंनी हात पुसत पुसत ते दोनदा बघितलं होतं. बाहेर एकसष्ट, घरात अडतीस. दोन्हीकडे पास झालेलं ते पहिलंच यंत्र.

उडवताना काका क्रिकेटचं हेल्मेट घालत, तोंडापुढे जाळी असलेलं. ते त्यांनी खास भारतातून मागवलं होतं. पार्कात पळायला आलेले लोक त्यांना बघून रस्ता बदलायचे. जाताना हेलिकॉप्टर व्हॅनच्या मागच्या सीटवर पट्टा लावून बसवायचं आणि हायवेला न लागता बाजूच्या रस्त्यानं, ताशी तीस मैलांच्या वर न जाता चालवायचं. वीस मिनिटांच्या वाटेला तास लागायचा. मी तेवढ्यात झोपून घ्यायचो. माझा व्हिसा मला दुसरीकडे काम करू देत नव्हता, त्यामुळे मी फुकटचा मदतनीस होतो. दुपारी काकूंच्या हातचं पिठलं आणि ज्वारीची भाकरी मिळे. खोटं कशाला बोलू, मी त्यासाठीच जायचो.

माझं काम बघायचं होतं. उडवणाऱ्याची नजर यंत्रावर खिळलेली असते. पायाखाली काय आहे, शेपटी कुठे लागतेय, हे त्याला दिसत नाही. ते दुसऱ्यानं बघून सांगायचं. काकांनी मला पाच शब्द दिले होते: वर, खाली, डावं, उजवं, थांब. त्यांचा नियम असा की मी बोलायचं आणि त्यांनी विचार न करता ऐकायचं. विचार करायला अर्धा सेकंद लागतो आणि अर्ध्या सेकंदात पंखा भिंतीत जातो. याचा सराव ते घरात करायचे. डोळे मिटून, हातात चहानं भरलेला कप घेऊन स्वयंपाकघरातून हॉलभर चालायचे आणि मी शब्द टाकायचो. पहिल्या दिवशी कप खुर्चीला लागला. महिन्याभरात एक थेंब सांडेना. एकदा मी 'थांब' म्हटलं आणि तेवढ्यात पेजर वाजला, म्हणून फोन करायला वर गेलो. दहा मिनिटांनी खाली आलो तर काका तसेच, डोळे मिटून, कप धरून उभे. सई सोफ्यावर हसून हसून लोळत होती.

हे सगळं वाचायला मजेचं वाटेल. घरात तसं नव्हतं. काकांची नोकरी जाऊन चार वर्षं झाली होती आणि घर काकूंच्या बँकेतल्या नोकरीवर चाललं होतं. त्या वर्षी फेब्रुवारीत काकांच्या जुन्या साहेबांचा कॅलिफोर्नियातल्या सांता क्लाऱ्याहून फोन आला. तिथे त्यांच्या कंपनीत टेस्टरची जागा होती. काकूंच्या बँकेची शाखा तिकडेही होती. अडचण एकच, सईचं शाळेचं शेवटचं वर्ष ऑगस्टमध्ये सुरू होणार होतं. सई शाळेच्या मार्चिंग बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवायची आणि पुढच्या वर्षासाठी बँडची ड्रम मेजर म्हणून तिची निवड झाली होती. दीडशे मुलं मैदानात जिच्या हाताकडे बघून पाऊल टाकतात, ती. टेक्ससमध्ये याचं काय मोल असतं ते तिथल्यांनाच कळेल. काकांना एकट्याला पाठवायचं किंवा सईला कोणाकडे ठेवायचं, हे काकूंना मान्य नव्हतं. व्हिसाच्या दिवसांत ते दोघं दोन वर्षं वेगळे राहिले होते आणि त्या म्हणत, एकदा केलं ते पुरे.

त्याच सुमाराला प्लेनोशेजारच्या फ्रिस्को गावात नवी वसाहत बांधणाऱ्या एका बिल्डरनं काकांना विचारलं होतं. नमुन्याच्या घरात तो शॉट करून दाखवा, आवडला तर वसाहतीतल्या सगळ्या घरांचं वर्षभराचं काम तुमचं. काकूंनी मला एकदा स्वयंपाकघरात गाठून सांगितलं.

"मे संपेपर्यंत बघायचं. बिल्डर हो म्हणाला तर राहू. नाही म्हणाला तर सांता क्लारा." मग भाकरी उलटवत म्हणाल्या, "मला त्यांचं यंत्र आवडतं रे. पण मी आता दमलेय."

मी मान हलवली. मीही दमलेलो होतो, पण त्यांचं दमणं वेगळं होतं, हे मला तेव्हाही कळलं.

मेच्या शेवटच्या शनिवारी आम्ही फ्रिस्कोला गेलो. तो आठवडा मी ऑफिसात धड झोपेविना काढला होता. नमुन्याचं घर म्हणजे राजवाडाच. दोन खांब, दोन कवाडांचं उंच दार, आत दुमजली उंचीचा दिवाणखाना आणि वळत जाणारा जिना. जिन्याच्या टोकाला बिल्डरच्या मार्केटिंगच्या बाई आणि त्यांचे साहेब उभे राहिले. वारा पूर्ण पडला होता. काकांनी हेल्मेट घातलं, सईच्या सॅक्सोफोनच्या पट्ट्यानं रिमोट गळ्यात अडकवला आणि मला म्हणाले, "तू फक्त बोल."

हेलिकॉप्टर रस्त्यावरून उठलं आणि हिरवळीवरून डोक्याच्या उंचीनं निघालं. काका त्याच्या मागे चालत होते, मी त्यांच्या उजव्या हाताला एक पाऊल मागे. मी 'डावं' म्हटलं, ते डावीकडे गेलं. 'खाली' म्हटलं, ते कमानीखालून वाकल्यासारखं गेलं. दोन खांबांमधून, दोन कवाडांमधून ते असं आत शिरलं, जसं काही घर त्याचंच आहे. दिवाणखान्याच्या मधोमध ते स्थिर झालं आणि जिन्याकडे वळू लागलं. वर उभ्या असलेल्या बाईंनी साहेबांच्या दंडाला हात लावला. मला ते दिसलं. काम आपल्याला मिळालं, हेही मला दिसलं.

तेव्हा आम्ही उंबऱ्यावर होतो. आत सायीच्या रंगाचा नवा गालिचा होता, त्यावर व्हॅक्यूमच्या रेघा अजून तशाच. सकाळी हिरवळीवर स्प्रिंकलर चालले होते आणि आमच्या बुटांना तिथला काळा चिकट चिखल लागला होता. मी काही ठरवून बोललो नाही. नागपूरच्या घरी आईनं हजारदा म्हटलं असेल, ते माझ्या तोंडातून निघालं.

"काका, बूट."

आणि काकांनी ऐकलं. त्यांची नजर खाली गेली आणि उजव्या पायाच्या टोकानं त्यांनी डाव्या पायातला बूट काढला. अर्धा सेकंद लागला असेल. पंखा जिन्याच्या कठड्याला लागला, एक पातं तुटून भिंतीत रुतलं आणि हेलिकॉप्टर गालिच्यावर आडवं होऊन फडफडत राहिलं. बाई किंचाळल्या. कोणाला लागलं नाही. काका एका पायात बूट, एका पायात मोजा अशा अवस्थेत उभे होते. मी वाकून माझे दोन्ही बूट काढून हातात धरले होते. वरचे साहेब बूट घालूनच उतरले, गालिच्यावरून चालत आले, वेळ दिल्याबद्दल त्यांनी काकांचे सभ्यपणे आभार मानले आणि दार दाखवलं.

दारातून आत जायचा सराव आम्ही केला होता, शंभर वेळा तरी. पण तो गराजच्या दारातून केला होता, आणि गराजमध्ये कोणी बूट काढत नाही.

परतताना काका नेहमीसारखेच बाजूच्या रस्त्यानं, तीसच्या आत चालवत होते. मी पहिल्यांदाच त्या व्हॅनमध्ये जागा होतो. अर्ध्या वाटेत मी म्हणालो की काका, चूक माझी आहे, काकूंना मी सांगतो.

"काही सांगायचं नाही," ते म्हणाले. "तू बोललास, मी ऐकलं. नियम मीच केला होता."

घरी त्यांनी काकूंना सांगितलं की हात हलला. काकूंनी विचारलं, कसा हलला. ते म्हणाले, वय झालं. काकांचं वय तेव्हा एकावन्न होतं. संध्याकाळी मी वही उघडून पाहिली. यंत्राच्या नावापुढे बाहेर आणि घरात दोन्हीकडे एक्याऐंशी लिहिलं होतं आणि शेरा होता, 'निवड बरोबर होती.' माझ्या नावापुढे काहीच बदललं नव्हतं. लक्ष, वीसपैकी सात. खरं सांगतो, त्यांनी त्याचं शून्य केलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

काका अजून सांता क्लाऱ्यात असतात. पुढे त्यांनी कधी काही उडवलं नाही. फोनवर बोलतो तेव्हा ते नव्या ड्रोनांची माहिती विचारतात, सगळ्यांना नावं ठेवतात आणि शेवटी माझी झोप होते का, असं विचारतात. फ्रिस्कोचा विषय आम्ही दोघंही काढत नाही. मी कितीदा तरी ठरवलं की यावेळी बोलायचं, आणि दरवेळी हवापाण्यावर बोलून फोन ठेवला.

ते प्लेनो सोडून गेले तो जुलैचा दिवस मला अजून नीट आठवतो. सामानाचा ट्रक आदल्या दिवशीच निघाला होता. काकू आत रिकाम्या घराला झाडू मारत होत्या, कारण घर पारोसं टाकून जायचं नाही, असं त्यांचं म्हणणं. काका व्हॅनच्या मागे पाठमोरे उभे राहून खोक्यांना दोरी बांधत होते. सई ड्राइव्हवेच्या कडेला बसली होती. बँडचा सराव दोन दिवसांपूर्वी सुरू झाला होता आणि तिच्या जागी दुसऱ्या मुलीला घेतलं होतं. शाळा जवळच होती. ढोलांचा आवाज तिथवर येत होता.

मी तिच्याशेजारी बसलो. ती म्हणाली, "दादा, यू वेअर देअर. बाबांचा हात कधीच हलत नाही. आय नो हिम. व्हॉट हॅपन्ड?"

व्हॅनमागे दोरी ओढायचा आवाज थांबला. काकांनी वळून पाहिलं नाही. त्यांचे हात गाठीवर तसेच राहिले होते. एक शब्द सांगायचा होता. तो मी एकदा सहज बोलून गेलो होतो आणि आता तोंडातून निघेना.

"मी मागे होतो," मी म्हणालो. "मला दिसलं नाही."

"त्याला काय विचारतेस, सई," काका पाठमोरेच म्हणाले. "त्याला कसं दिसणार?" आणि त्यांनी गाठ आवळली.

सई थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली. सतरा वर्षांची होती. मग "ओके" म्हणाली आणि जाऊन व्हॅनमध्ये बसली.